ऑपरेशन थिएटरातला दुरुस्तीवाला



एखादा उद्योजक मोठा झाला, त्याने अमाप पैसा मिळवला आणि उतारवयात त्यातला काही वाटा समाजाला दिला, की त्याच्या चरित्राची आपण सरळ वाटणी करतो. अर्धे चरित्र उद्योगाचे, अर्धे दानधर्माचे. उद्योगाचा हिशेब ताळेबंदात होतो, दानाचा कोनशिलेवर, आणि या दोहोंचा परस्परांशी संबंध काय हे सत्काराच्या सभेत कुणी विचारत नाही. अर्ल बाकेन या अमेरिकन अभियंत्यावर आज बोलायचे ते यासाठी की त्यांच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर त्यांनी बनवला, मेडट्रॉनिक ही वैद्यकीय उपकरणांची अवाढव्य कंपनी उभी केली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात वयाच्या ९४ व्या वर्षी हवाईत त्यांचे निधन झाले. त्यांचा शोध, त्यांची कंपनी आणि त्यांचे दातृत्व या तिन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: यंत्र बनवणारा आणि ते यंत्र ज्याच्या देहाला जोडले जाणार तो माणूस, या दोघांत अंतर पडू द्यायचे नाही हा हट्ट. त्यांच्या कंपनीच्या नावावर पुढे जे डाग लागले, त्यांचाही उलगडा याच हट्टाच्या दुसऱ्या बाजूने होतो, असे मी आज मांडणार आहे.

बाकेन यांचा जन्म १० जानेवारी १९२४ चा, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसचा. लहानपणी पाहिलेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटाने विजेचे वेड लावले, असे ते आयुष्यभर सांगत आले. चरित्रकारांना ही गोष्ट फार आवडते. मला तिच्यापेक्षा पुढचे दोन तपशील मोलाचे वाटतात. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात रडारच्या देखभालीचे शिक्षण देत होते, म्हणजे बिघडलेले यंत्र घाईत आणि दडपणाखाली कसे चालू करायचे हे शिकवत होते. युद्धानंतर १९४८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांची पत्नी रुग्णालयात तंत्रज्ञ होती. तिला आणायला गेलेल्या नवऱ्याला तिथले लोक बंद पडलेली उपकरणे दाखवू लागले. रुग्णालयांत तेव्हा इलेक्ट्रॉनिक यंत्रे नुकतीच शिरत होती आणि ती दुरुस्त करणारे कुणी नव्हते. २९ एप्रिल १९४९ रोजी बाकेन आणि त्यांचे नातेवाईक पामर हर्मंडस्ली यांनी एका गॅरेजमध्ये दुरुस्तीचा धंदा मांडला. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर. पुढे सॅनबॉर्न या कंपनीची उपकरणे आसपासच्या राज्यांत विकण्याचे काम मिळाले, त्यावर धंदा तगला. म्हणजे मेडट्रॉनिकची पहिली आठ वर्षे शोधाची नव्हेत, दारोदार फिरण्याची आहेत. या वर्षांवरून चरित्रे भरभर पुढे सरकतात. माझ्या मते खरे भांडवल तिथेच जमले. दुरुस्ती करणारा माणूस यंत्र कागदावरच्या आराखड्यात पाहत नाही. नर्सचा हात कोणत्या बटणावरून घसरतो, कोणती वायर पायात येते, रात्रपाळीला काय बंद पडते, हे त्याला पाठ असते. ते कोणत्याही अभियांत्रिकीच्या पुस्तकात नसते.

विद्यापीठाच्या रुग्णालयात त्या काळी वॉल्टन लिलेहाय हे शल्यचिकित्सक लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत होते. जन्मतः हृदयाच्या पडद्याला भोक असलेली ही मुले एरवी फार जगत नसत. १९५४ पासून लिलेहाय ते भोक शिवू लागले. पण टाके घालताना हृदयाचे ठोके वाहून नेणारे नाजूक तंतू कधी कधी दुखावत. वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेनासा होई आणि ठोके इतके मंदावत, की यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही मूल दगावे. सुमारे दहातल्या एका मुलाच्या वाट्याला हे येई. बोस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्येच छातीवरून विजेचे धक्के देऊन हृदय चालते ठेवता येते हे दाखवले होते, पण ते धक्के इतके जोरदार असत की कातडी भाजे आणि मुले किंचाळत. १९५७ च्या आरंभी लिलेहाय यांनी पातळ तार थेट हृदयाच्या स्नायूत अडकवून पाहिली. झोल यांच्या धक्क्याच्या तुलनेत नगण्य विजेवर काम भागले, वेदना संपली. उरली ती एक क्षुल्लक वाटणारी अडचण. वीज देणारे यंत्र प्रयोगशाळेतले होते, ढकलगाडीवर ठेवलेले, भिंतीच्या सॉकेटला जोडलेले. बरे होणारे मूल वायर पुरेल तेवढेच हिंडू शके. आणि ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. शस्त्रक्रियागृहाला पर्यायी वीज होती, मुलांच्या खोल्यांना नव्हती. बाकेन यांच्या कथनानुसार त्या रात्री एक मूल गेले. दुसऱ्या दिवशी लिलेहाय यांनी त्यांना विचारले, बॅटरीवर चालणारे काही करता येईल का?

हा प्रश्न कुणाला विचारला गेला, याकडे लक्ष वेधतो. लिलेहाय यांनी तो बड्या कंपनीच्या संशोधन विभागाला धाडला नाही. ज्याचा तिथे रोज वावर होता, शस्त्रक्रिया चालू असताना मोजमापाची यंत्रे सांभाळायला जो बोलावला जाई, त्याला विचारला. बाकेन यांचा पहिला विचार फारसा चमकदार नव्हता: मोटारीची बॅटरी घ्यायची, तिच्या विजेचे रूपांतर घरच्या विजेत करायचे आणि जुनेच यंत्र तिच्यावर चालवायचे. मग लक्षात आले की हृदयाला लागते जेमतेम दहा व्होल्टची स्पंदने. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला? ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या हौशी लोकांच्या मासिकात १९५६ साली संगीताचा ताल देणाऱ्या मेट्रोनोमचे ट्रान्झिस्टरवरचे सर्किट छापून आले होते. ते त्यांना आठवले, त्यांनी शोधून काढले, थोडे बदलले आणि सुमारे चार इंच चौरस ॲल्युमिनियमच्या डबीत बसवले. पाऱ्याची छोटी बॅटरी, वेग आणि जोर कमीजास्त करायच्या खुंट्या, अंगाला बांधायची सोय. चार आठवड्यांत डबी तयार झाली. पुढे जी डबी विक्रीसाठी बनली तिच्या खुंट्या मुद्दाम आत दाबून बसवल्या होत्या, कारण ती ज्यांच्या अंगावर राहणार ती लहान मुले होती आणि लहान मुले खुंट्या फिरवतातच. या एका तपशिलात मला बाकेन पुरते सापडतात. ट्रान्झिस्टर दुसऱ्याचा, सर्किट मासिकातले, तार आणि तिची जागा डॉक्टरांची. त्यांचे स्वतःचे होते ते हे, की डबी कुणाच्या हाताशी येणार हे त्यांना ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप श्रेयाचा येतो. पेसमेकरचा जनक म्हणून बाकेन यांचे नाव घेणे कितपत योग्य? स्टॉकहोममध्ये रूने एल्मक्विस्ट आणि ओके सेनिंग यांनी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शरीराच्या आत पेसमेकर बसवला. तो काही तासांतच बंद पडला, पण त्यांचे रुग्ण आर्ने लार्सन वीसहून अधिक पेसमेकर वापरून २००१ पर्यंत जगले. अमेरिकेत बफेलोचे विल्सन ग्रेटबॅच आणि डॉ. विल्यम चार्डॅक यांचा आत बसवायचा पेसमेकर १९६० मध्ये रुग्णांच्या उपयोगी पडू लागला. मेडट्रॉनिकने त्याचा परवाना घेतला आणि तिची भरभराट पुढे त्याच्यावर झाली. आक्षेप मान्य. जनक हा शब्द मी स्वतः वापरत नाही. २००१ साली जैव-अभियांत्रिकीतला रस पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा तो बाकेन आणि ग्रेटबॅच यांना मिळून दिला, हे मला न्याय्य वाटते. पण श्रेय विभागल्याने माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट घट्ट होतो. पहिले कोण हा प्रश्न बाजूला ठेवला की दुसरा दिसतो: इतक्या हातांतून आलेल्या गोष्टी रुग्णाच्या खाटेपर्यंत नेल्या कुणी आणि मग तिथून हलायचे कुणी नाकारले?

दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे आणि त्याला मी इतक्या सहज उत्तर देऊ शकत नाही. बाकेन यांनी ती डबी प्रयोगासाठी बनवली होती. विद्यापीठाच्या प्राणी-प्रयोगशाळेत कुत्र्यावर ती चालली, आणि दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात गेले तेव्हा ती एका मुलाच्या अंगावर होती. चांगले यंत्र हाताशी असताना मूल गमावायचे नाही, असा लिलेहाय यांचा पवित्रा होता. आज कुठलीही नैतिकता समिती हे मान्य करणार नाही आणि तिने करूही नये. त्या वेळी अमेरिकेत अशा उपकरणांना विक्रीपूर्व मंजुरीची अट नव्हती. तो कायदा १९७६ मध्ये आला. त्या एका निर्णयाचे समर्थन करता येते, कारण मुलासमोर दुसरा पर्याय भिंतीच्या सॉकेटचा होता आणि सॉकेट किती भरवशाचे ते नुकतेच दिसले होते. त्या रीतीचे समर्थन मात्र करता येत नाही. समोरच्या रुग्णाची निकड ज्याला दिसते, त्याला न दिसणाऱ्या पुढच्या हजार रुग्णांचा धोका दिसत नाही. जवळीक माणसाला कामाला लावते तशी ती घाईही करायला लावते.

आणि जवळीक असूनही घाई टाळता येते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यविशारद आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते एका संस्थेच्या छत्राखाली भारतीय बनावटीची हृदयाची झडप घडवत होते. पहिले तीन नमुने फसले. चौथा मेंढ्यांवर टिकला, तेव्हा कुठे डिसेंबर १९९० मध्ये तो माणसाच्या हृदयात बसवला गेला. पुढे टीटीके या उद्योगाने तो परदेशी झडपेच्या तुलनेत फार कमी किमतीत बाजारात आणला आणि आजवर लाखाहून अधिक रुग्णांना तो लाभला आहे. इथेही अभियंता आणि शल्यविशारद शेजारी होते. फरक इतकाच की दोघांच्या मध्ये एक तिसरा बसलेला होता, थांबा म्हणण्याचा अधिकार असलेला. मिनियापोलिसमध्ये ती खुर्ची रिकामी होती.

आता कंपनीकडे वळू. १९६० च्या सुमाराला मेडट्रॉनिक जवळजवळ बुडाली होती. डबीचे नाव झाले होते, खर्च वाढला होता आणि पैसा येत नव्हता. याच काळात बाकेन यांनी कंपनीचे ध्येयपत्र लिहिले. वेदना कमी करणे, आरोग्य परत मिळवून देणे, आयुष्य वाढवणे हा उद्देश. गुणवत्तेत तडजोड नाही. नफा रास्त असावा. कामगाराची किंमत माणूस म्हणून केली जावी. कंपनीने चांगला नागरिक म्हणून वागावे. अशी पत्रे आज प्रत्येक कंपनीच्या स्वागतकक्षात टांगलेली असतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, म्हणून कागदावर मी फार भिस्त ठेवत नाही. त्याभोवती जो रिवाज उभा केला तो मात्र वेगळा आहे. नव्या कर्मचाऱ्याला प्रमुखाच्या हातून एक पदक मिळते. त्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून उभ्या राहणाऱ्या माणसाची आकृती असते. बाकेन निवृत्तीनंतरही अनेक वर्षे हा समारंभ स्वतः करत राहिले. दर डिसेंबरात कंपनीची उपकरणे शरीरात असलेले रुग्ण कामगारांसमोर येऊन आपली हकिकत सांगतात. ज्या बाईने वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली तारा जोडल्या, तिच्यासमोर त्या तारेवर चालणारे हृदय उभे राहते. हे सगळे प्रचाराचे नाटक आहे, असे कुणी म्हणेल. नाटक असेलही. परंतु कारखाना मोठा झाला, मजल्यांवर मजले चढले, की बनवणारा आणि वापरणारा यांच्यातले अंतर आपोआप वाढते, आणि ते कमी करण्याची दुसरी कोणती युक्ती हजारो कामगारांच्या कंपनीला उपलब्ध आहे, हे त्या टीकाकाराने सांगावे.

तरीही रिवाज पुरले नाहीत. २००६ मध्ये मेडट्रॉनिकने अमेरिकी सरकारशी चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आरोप असा होता की मणक्याची उपकरणे वापरणाऱ्या डॉक्टरांना सल्लागार-मानधन आणि सहलींच्या रूपाने पैसे पोचवले जात होते. कंपनीने दोष मान्य केला नाही. २००७ मध्ये हृदयातील धक्का-यंत्राची स्प्रिंट फिडेलिस ही तार तुटत असल्याचे दिसल्यावर बाजारातून मागे घ्यावी लागली. तोवर जगभरात अडीच लाखांवर रुग्णांच्या शरीरात ती होती. २०१५ मध्ये कोव्हिडियन ही कंपनी विकत घेतल्यावर मेडट्रॉनिकने आपला कायदेशीर पत्ता आयर्लंडला हलवला, कारभार मिनेसोटातच ठेवला. ध्येयपत्रातल्या चांगल्या नागरिकाच्या ओळीशी याचा मेळ घालून दाखवणे अवघड आहे. बाकेन तेव्हा कारभारात नव्हते, ही सबब वस्तुस्थिती म्हणून खरी आहे, पण मला ती अपुरी वाटते. कारण २००६ चे प्रकरण बाकेन यांच्या रीतीला सोडून घडलेले नाही, तिच्याच पोटातून आले आहे. उपकरण विकणारा शस्त्रक्रियागृहात उभा राहतो, डॉक्टरला काय हवे ते ऐकतो, पुढचे यंत्र त्याच्याशी बोलून घडवतो, ही पद्धत १९५७ मध्ये जीव वाचवणारी ठरली. तीच पद्धत, तेच दोन माणसांचे नाते, पण मध्ये मानधनाचा धनादेश आला की डॉक्टरचा सल्ला कोणता आणि विक्री कोणती हे रुग्णाला कळायचा मार्ग उरत नाही. बाकेन यांच्या भक्तांनी हा धडा टाळला आहे. कंपनी ‘मूळ मूल्यांपासून ढळली’ असे ते म्हणतात. मूळ मूल्य तर शाबूत होते. त्यावर पहारा नव्हता.

दातृत्वाचा भाग याच प्रकाशात पाहावा. १९७५ मध्ये त्यांनी वीज आणि जीवसृष्टी यांच्या संबंधावरचे ग्रंथ आणि जुनी उपकरणे यांचा संग्रह लोकांसाठी खुला केला. मिनियापोलिसमधले बाकेन संग्रहालय ते हेच. तिथे मुले स्वतःच्या हाताने प्रयोग करतात. पुढे ते हवाईच्या मोठ्या बेटावर राहायला गेले. त्या बेटाच्या उत्तर भागात धड रुग्णालय नव्हते. त्यांनी पुढाकार घेतला आणि १९९६ मध्ये वाइमिया इथे सामुदायिक रुग्णालय सुरू झाले. तिथे आधुनिक वैद्यकाला हवाईच्या पारंपरिक उपचारांची जोड देण्याचा त्यांचा आग्रह शास्त्रीय वृत्तीच्या लोकांना खटकला, आणि तो संशय मलाही निराधार वाटत नाही. पण त्यांच्या सगळ्या देण्यांत मला सर्वांत लक्षणीय वाटते ते २०१३ मध्ये सुरू झालेले बाकेन निमंत्रण. वैद्यकीय उपकरणामुळे ज्यांना जादा आयुष्य मिळाले आणि जे ते इतरांसाठी खर्च करतात, अशा जगभरच्या लोकांचा त्यात सन्मान होतो आणि त्यांच्या आवडीच्या संस्थेला देणगी मिळते. स्वतः बाकेन यांच्याही छातीत पेसमेकर होता आणि मधुमेहासाठी ते इन्शुलिन पंप वापरत. बनवणारा आणि वापरणारा यांतले अंतर त्यांच्या देहापुरते तरी शून्य झाले होते.

शेवटचा आक्षेप मी स्वतः घेतो, कारण तो आपल्या देशातून घ्यायला हवा. जवळीक म्हटली तरी ती कुणाशी? जो शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचला त्याच्याशी. ज्याला तिथवर पोचणे परवडत नाही, तो त्या खोलीत दिसतच नाही. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेत मरण पावलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी दान केलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रुग्णांना जंतुसंसर्ग झाला नाही, यंत्रे नीट चालली. अमेरिकेत असा दुसरा वापर करायला परवानगी नाही. रास्त नफ्याच्या कल्पनेत हा रुग्ण कुठे बसतो? २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या औषध-किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी रुग्णाकडून एकेका स्टेंटचे लाखाच्या वर घेतले जात. त्यानंतर काही कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली, त्यांत मेडट्रॉनिकही होती. उद्योगाचे म्हणणे असे की किमतीला कात्री लावली तर पुढचे संशोधन थांबेल. संशोधनाला पैसा लागतो हे खरेच. पण एक लाख आणि तीस हजार यांतल्या फरकातला मोठा वाटा वितरक आणि रुग्णालये यांच्या नफ्यात जात होता, हे प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून पुढे आले, आणि त्या वाट्याने कुठलाही नवा पेसमेकर जन्माला आलेला नाही.

म्हणून बाकेन यांच्याकडून काय घ्यायचे आणि काय नाही, हे आपण ठरवून घ्यावे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालये गावोगाव आहेत आणि सरकारी व महापालिका रुग्णालयांत बंद पडलेली उपकरणे कोपऱ्यांत धूळ खात पडलेली आहेत, पण या दोघांची गाठ क्वचितच पडते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प बाजारातून विकत आणून जमा केला जातो, तेव्हा त्याच शहरातल्या वॉर्डात कुठल्या तरी यंत्राची वायर कुणाच्या तरी पायात येत असते. या श्रोतृवर्गात प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवरचे लोकही आहेत. त्यांना माझी विनंती आहे: पाचसहा विद्यार्थ्यांना एका सत्रापुरते रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागात बसू द्या, नवे काही शोधायला नव्हे, जुने चालू करायला. आणि त्याचबरोबर आपल्या रुग्णालयातल्या कोणत्या डॉक्टरला कोणत्या उपकरण-कंपनीकडून किती मानधन मिळते, याची नोंदवही रुग्णांना पाहता येईल अशी बाहेर ठेवा.